अर्धा शेंगदाणा घेऊन नागपूरला

नागपूरला माणसं संत्र्यांसाठी जातात, अधिवेशनासाठी जातात, नाहीतर लेक तिकडे दिली म्हणून जातात. आम्ही बापलेक शेंगदाणा खायला गेलो. सांगलीहून निघून शेंगदाणा खायला नागपूर गाठायचं, हे आमच्या भागातल्या माणसाला पटवणं अवघड आहे. महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये समोरच्या बाकावरच्या गृहस्थांना मी खरं कारण सांगितलं, तर पुढचा सगळा प्रवास ते माझ्याशी फक्त हवामानावर बोलले.

खरं कारण असं. माझी मुलगी जुई दहा वर्षांची आहे आणि तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. ती दोन वर्षांची असताना शेजारच्या हळदीकुंकवात कुणीतरी कौतुकानं तिच्या जिभेला दाण्याचा लाडू लावला. पंधरा मिनिटांत तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, खोकला लागला आणि आवाज बंद झाला. तेव्हा वाचली. पण सांगली जिल्ह्यात शेंगदाण्याशिवाय जगायचं म्हणजे फार मोठं काम असतं. आमच्याकडे कूट कशात घालतात हे विचारू नये, कशात घालत नाहीत ते विचारावं. उत्तर चटकन मिळतं, कारण ते फक्त चहाबद्दल असतं. त्यामुळे जुई कधी कुणाकडे जेवलेली नाही. वाढदिवसाला ती आपला डबा घेऊन जाते आणि शाळेच्या सहलीला जातच नाही.

यावर एक उपचार आहे. ज्याची ॲलर्जी, तेच रोज अगदी थोडं, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली खायचं आणि हळूहळू वाढवत न्यायचं. पुण्या-मुंबईला सोडून नागपूर कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. माझ्या बायकोच्या, सुलभाच्या, मावसबहिणीनं तिथल्या एका डॉक्टरबाईंचं नाव सुचवलं होतं. पहिल्या भेटीत त्यांनी सुलभाला घाबरवलं नाही आणि आशाही दाखवली नाही, म्हणून आम्ही तिथेच राहिलो. हेतू एवढाच, की चुकून एखादा दाणा पोटात गेला तर जुईच्या जिवावर बेतू नये. ती पूर्ण बरी होईल असं कोणीच म्हटलं नव्हतं. मी मात्र मनातल्या मनात तसं धरून चाललो होतो. माझ्यासारख्या चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला नंबर एकदाचा जाईल अशी आशा धरणारी गिऱ्हाइकं रोज भेटतात, आणि मी त्यांना हसतो.

दाण्याच्या कणापासून सुरुवात करून काही महिन्यांत जुई अर्ध्या शेंगदाण्यापर्यंत पोचली होती. या खेपेला अर्ध्यावरून अख्ख्या दाण्यावर जायचं होतं. डोस वाढवला की काही दिवस दवाखान्याजवळच राहायचं असा नियम होता. दरवेळी सुलभा जात असे. या वेळी तिच्या बँकेत तपासणी होती, म्हणून मी. हा टप्पा पार पडला तर हिवाळ्यातल्या सहलीला पाठवीन, असं सुलभानं जुईला कबूल केलं होतं. जुईनं सहलीची बॅग भरूनच नागपूरची गाडी पकडली. वेगळी बॅग कशाला, असं तिचं म्हणणं होतं.

तांडापेठ

मागच्या खेपांना सुलभा आणि जुई लॉजवर राहून ब्रेड आणि केळी खात. त्याची दया येऊन दवाखान्यातल्या प्रणाली नावाच्या नर्सनं आम्हाला तांडापेठेत तिच्या मावशीकडे उतरवलं. मावशी म्हणजे निर्मलाकाकू. घर मूळचं कोष्ट्यांचं. पुढच्या खोलीत माग होता तिथे आता जेवणाची टेबलं आहेत. काकू घरच्या घरी जहाल तिखट जेवणाची सावजी खानावळ चालवतात आणि त्यांचे यजमान रामभाऊ, ज्यांनी पंचविशीपर्यंत लुगडी विणली, ते मिहानच्या उद्योगनगरीत एका कंपनीच्या गेटवर सुपरवायझर आहेत. मागाचा खड्डा बुजवला आहे, पण त्या जागची फरशी पायाला अजून वेगळी लागते. रामभाऊंना खुर्ची नेमकी तिथेच लागते.

आम्ही येणार म्हणून काकूंनी घरातले शेंगदाणे हलवले होते. नुसते हलवले नव्हते, तर दाण्याची बरणी तीन घरं सोडून पलीकडे पाठवली होती, मिक्सरची भांडी घासून उन्हात घातली होती आणि गिऱ्हाइकांची शेंगदाण्याची चटणी आठवडाभर बंद केली होती. एका गिऱ्हाइकानं कुरकुर केली तर त्याला दुसरी खानावळ दाखवली. मला हे ऐकून अगदी भरून आलं. नंतर संध्याकाळ झाली, आणि मी बॅगेतून दवाखान्यानं मोजून दिलेली दाण्याच्या कुटाची पुडी काढून केळ्यात कालवायला घेतली.

काकू दारातच थांबल्या. या पुडीत काय आहे, हे त्यांनी विचारलं, आणि मी खरं सांगितलं. त्यांनी आधी जुईकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. पोलिसांना बोलवावं की नाही, याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

मी समजावलं. बराच वेळ समजावलं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. त्या म्हणाल्या, हे तर आमच्यासारखंच झालं. सावजीच्या घरात जन्मलेलं पोर काही पहिल्या दिवशी तिखट खात नाही. मटणाचा तुकडा वाटीभर पाण्यात धुऊन त्याच्या तोंडात घालतात. पुढच्या वर्षी पाणी अर्धी वाटी. शाळेत जायच्या वयाला पाणी बंद. त्यांच्या धाकट्या मुलानं तर पाणी स्वतःच लाथाडलं होतं, आणि ते त्या फार अभिमानानं सांगत होत्या.

आता प्रश्न उरला मसाल्याचा. सावजी मसाला घरोघरचा वेगळा असतो आणि त्यात काय काय पडतं ते कोणी सांगत नाही. आमच्याकडे शेजारीण चटणी खाताखाताच कृती विचारते आणि सांगणारी दोन जिन्नस जास्तीचेच सांगते. इथे प्रणाली सख्खी भाची, लहानपणापासून याच घरात वाढलेली, तिलाही मसाला भाजताना बाहेर काढतात. मी चाचरत म्हटलं की जुई जेवणार असेल तर मसाल्यात काय आहे ते मला कळायला हवं.

"शेंगदाना नाही, हे मी देवापुढं हात ठेवून सांगतो," काकू म्हणाल्या. "काय आहे, ते मात्र विचारू नका भाऊ."

फोनवर मी हे सुलभाला सांगितलं. तिनं विचार करून सांगितलं की देवापुढे हात ठेवला असेल तर चालेल.

पोळा

पोळ्याच्या दिवशी दवाखाना दुपारी उघडा होता. डॉक्टरबाई बारीक चणीच्या आहेत आणि कोणतीही गोष्ट सांगताना शेवटी "असं दिसतं" म्हणतात. मी पहिल्यांदाच आलेला बाप असल्यामुळे त्यांनी मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. जुईनं ते आधी अनेकदा ऐकलेलं होतं, त्यामुळे मी अडलो की ती सांगत होती.

आपल्या कातडीत, आतड्यात, श्वासनळीत मास्ट पेशी नावाच्या पेशी पहारा देत बसलेल्या असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिनसारख्या रसायनांच्या पुड्या भरलेल्या असतात. जुईच्या शरीरातल्या काही टी पेशींनी कधीतरी शेंगदाण्याला शत्रू ठरवलं. त्यांनी ते बी पेशींना कळवलं, बी पेशींनी त्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार केली आणि ती जाऊन या पहारेकऱ्यांच्या अंगावर बसली. आता शेंगदाण्याचं प्रथिन आलं आणि त्या प्रतिपिंडांना चिकटलं, की पहारेकरी सगळ्या पुड्या एकदम फोडतो. मग गांधी, सूज, उलटी, दम. एवढा गोंधळ एका दाण्यासाठी. आमच्या सोसायटीचा वॉचमन चोरी झाल्यावरसुद्धा उठत नाही, तेव्हा मला या पेशींच्या कामसूपणाचं थोडं कौतुकच वाटलं.

शत्रू का ठरवलं, असं मी विचारलं. डॉक्टरबाईंनी उलट मलाच विचारलं की लहानपणी जुईच्या अंगावर इसब होतं का. होतं. घरात दाण्याचा कूट कुटला जायचा का. आमच्या घरात दुसरं काही कुटलंच जात नव्हतं. मग बहुधा तिची आणि शेंगदाण्याची पहिली ओळख पोटातून न होता फुटलेल्या कातडीतून झाली असावी, असं त्या म्हणाल्या. पोटातून आलेल्याला शरीर सहसा पाहुणा समजतं आणि कातडी फोडून आलेल्याला चोर. असं दिसतं.

आणि आता हे रोजचं खाणं कशाला, तर रोज थोडं थोडं मिळालं की मास्ट पेशी दचकायच्या कमी होतात. पुढे बी पेशी दुसऱ्या जातीची प्रतिपिंडं बनवू लागतात, जी शेंगदाण्याला वाटेतच धरतात. काही टी पेशी बाकीच्यांना गप्प बसवायला शिकतात. मी त्यांना काकूंच्या वाटीभर पाण्याची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं त्यांना आवडेल. त्या म्हणाल्या, तिखटाचं काम नसांचं आहे, त्यात पेशींचं हे भांडण नाही, आणि तिखट सोसलं नाही तर पोर रडतं, इथे सोसलं नाही तर काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे.

मग प्रणालीनं अख्ख्या दाण्याचा कूट केळ्यात कालवून दिला. जुईनं तो खाल्ला. आम्ही दोन तास बसलो. प्रणाली मधूनमधून येऊन पोट बघायची, पाठ बघायची, छातीला नळी लावायची. काही झालं नाही. डॉक्टरबाईंनी रोजचे नियम परत सांगितले. डोसनंतर दोन तास पळायचं नाही, गरम पाण्यानं आंघोळ नाही, ताप असेल तर डोस नाही, रिॲक्शन आली तर टोचायचं इंजेक्शनचं पेन कायम जवळ. मी प्रत्येक नियमाला मान हलवली. मला ते सगळे पाठ होते.

संध्याकाळी काकूंकडे पुरणपोळी आणि वडे. जुई दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्यांच्या पंगतीत, दुसऱ्याच्या ताटात जेवली. ती काय जेवली ते मला आठवत नाही, कारण मी तिच्या ओठांकडे बघत होतो.

पोळ्याचा दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. बांबूकागदाची ही प्रचंड बाई मिरवत नेऊन जाळतात आणि जाताना तिला शहराच्या सगळ्या पीडा बरोबर न्यायला सांगतात. सकाळी इतवारीच्या गर्दीत रामभाऊंनी आम्हाला एका दुकानाच्या ओट्यावर चढवलं. लोक ओरडत होते, डेंग्यू घेऊन जा, महागाई घेऊन जा, खड्डे घेऊन जा. आमच्याकडे असलं काही नाही. आमच्याकडे पीडा घरातच ठेवतात आणि तिच्याविषयी नातेवाइकांना सांगतात. जुईनं विचारलं, मीपण ओरडू का. मी हो म्हटलं. तिनं शेंगदाण्याची ॲलर्जी घेऊन जायला सांगितलं, आणि शेजारच्या अनोळखी चारपाच पोरांनी काहीही चौकशी न करता तिच्या सुरात सूर मिसळला.

दुपारी मटण. त्या दिवशी अर्धं नागपूर मटण शिजवतं आणि उरलेलं अर्धं खायला येतं. काकूंनी जुईसाठी तुकडा आधी पाण्यात धुऊन घेतला. ती म्हणाली चांगलं आहे आणि डोळ्यांतून पाणी काढत आणखी एक मागितला. काकू मला म्हणाल्या, पाहा, लेक आमचीच आहे.

आता चूक कशी झाली ते सांगतो. त्या संध्याकाळी तान्हा पोळा होता. पोरं लाकडाचे बैल सजवून आणतात, एवढं मला सांगितलेलं. आमच्याकडे बेंदराला, म्हणजे आमच्या पोळ्याला, मातीचे बैल आणतात. ते देव्हाऱ्यासमोर पाटावर मांडतात, त्यांना हळदकुंकू वाहतात, नैवेद्य दाखवतात. बैल पाटावर बसतात आणि पोरं पाटाशेजारी बसतात. माझ्या आयुष्यात खेळण्यातला बैल कधी हललेला नाही. तेव्हा पाच वाजता मी जुईला नेहमीप्रमाणे डोस दिला आणि विचार केला, पुढचे दोन तास हिला एका जागी बसवायला यापेक्षा चांगला सण सापडणार नाही.

चौकात सुरुवात तशीच झाली. पोरं रांगेत उभी, पुढे आपापले बैल. काकूंनी माळ्यावरून काढलेला बैल जुईकडे होता, त्याच्या शिंगांना तिनं सोनेरी कागद लावला होता. कुणीतरी मोठा माणूस बैलांना नंबर देत फिरला. मी चौकाच्या कडेला चहा घेतला. हे बैल चाकांवर असतात, ही गोष्ट मी पाहिली होती, पण तिचा विचार केला नव्हता. नंबर झाले आणि सगळी पोरं दोऱ्या खेचत एकदम गल्लीत सुटली. घरोघर जायचं, बैल दाखवायचा, बोजारा घ्यायचा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, आणि दुसऱ्याच्या आधी पुढच्या घरी पोचायचं. मी कप ठेवेपर्यंत जुई दिसेनाशी झाली होती.

ती सापडली तिसऱ्या गल्लीत, एका ओट्यावर बसलेली, बैल मांडीवर. तळहात खाजवत होती. गळ्यावर गांधी उठल्या होत्या आणि ती खोकत होती. मला पाहून म्हणाली, बाबा, पोटात कसंतरी होतंय. मग उलटी झाली. खोकल्याचा आवाज मला ओळखीचा वाटला. आठ वर्षांपूर्वीचा तोच आवाज.

मी पेन काढलं. सरावाच्या पेनावर मी हे खूप वेळा केलं होतं, मांडीवर, बाहेरच्या बाजूनं, कपड्यावरून, दाबून धरायचं. खऱ्या पेनाचा खटका तसाच वाजतो. मी तिला ओट्यावर आडवं केलं, पाय उंच करून बैलावर टेकवले, आणि मला रडू आलं. ते तिनं पाहिलं.

रामभाऊंनी कुणाची तरी गाडी आणली. दवाखान्यात पोचेपर्यंत तिचा खोकला थांबला होता.

दवाखाना

जुईला पलंगावर निजवून बोटाला यंत्र लावलं. गांधी उतरू लागल्या. आता फक्त थांबायचं, ॲलर्जी पुन्हा उचल खाते का ते बघायचं. काकू आमच्या मागून आल्या होत्या, आणि येण्याआधी त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन जुईला काय खाऊ दिला ते विचारलं होतं. सगळ्यांनी सांगितलं, पैसे दिले, खाऊ दिलाच नाही. रामभाऊंनीच सकाळी साऱ्या गल्लीला तंबी देऊन ठेवली होती. म्हणजे उरला काकूंचा मसाला. त्यांनी तसा हिशेब केलेला होता.

डॉक्टरबाई आत आल्या. काकू पुढे झाल्या आणि मसाल्यात काय काय असतं ते त्यांनी सांगायला सुरुवात केली. एकेक जिन्नस, कशाआधी काय भाजायचं, कशात भाजायचं, काय शेवटी पडतं. दम लागल्यासारख्या बोलत होत्या. कुणीतरी थांबवेल अशी भीती होती की काय कोण जाणे, पण कुणी थांबवलं नाही. प्रणालीच्या हातात सुई होती, ती तशीच राहिली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा हे ऐकलं. शेजारच्या पलंगावरचे आजोबा उठून बसले.

काकूंचं संपलं तेव्हा त्यांनी डॉक्टरबाईंचा हात धरला. "यातलं काही लागलं काय वं पोरीले? माह्या हातानं झालं काय?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, यात शेंगदाणा नाही आणि दुपारचं जेवण इतक्या तासांनी असं करत नाही. मग त्यांनी जुईला विचारलं, डोसनंतर तू काय केलंस.

"पळाले," जुई म्हणाली. "पाच घरं झाली. मी सगळ्यात पुढे होते."

डॉक्टरबाईंनी मला बाजूला नेऊन सांगितलं. तिच्या पेशींनी तो दाणा सोसला असता, काल सोसलाच होता. पण पळताना शरीर तापतं, रक्त जोरात फिरतं, आतड्यातून प्रथिन जास्त आणि लवकर आत शिरतं, आणि काल ज्या पहारेकऱ्यानं डोळेझाक केली तोच आज पुड्या फोडतो. नियम मी मोडला, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी म्हटलं, मला वाटलं बैल पाटावर ठेवतात. त्यांनी तेही केसपेपरवर लिहून ठेवलं.

मी विचारलं, म्हणजे हे सगळं फुकट गेलं का. त्या म्हणाल्या, नाही, मागे यायचं, परत अर्ध्या दाण्यावरून सुरू करायचं. मग मी तो प्रश्न विचारला जो महिनोन् महिने टाळत होतो. ती पूर्ण बरी कधी होणार.

"बहुतेक होणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पेशी विसरत नाहीत. आपण त्यांना सवय लावतोय. रोज खाल्लं तर सवय टिकते, सोडलं तर हळूहळू जाते. असं दिसतं."

बाहेर बाकावर प्रणाली मावशीजवळ बसली होती. तिनं हळूच विचारलं, जवस किती म्हणालीस. काकू म्हणाल्या, आता बरं वाटून राहिलं पोरीले, आता नाही सांगणार.

फोनवर सुलभा आधी रडली, मग मला बोलली, आणि शेवटी सहलीचं आता बघू म्हणाली. ते मी जुईला सांगितलं नाही, पण तिनं बॅगेतली सहलीची टोपी काढून मला घालायला दिली.

शेवटचा दिवस

मधे एक दिवस जाऊ दिला. त्यानंतर अर्धा दाणा दवाखान्यातच द्यायचा ठरला. प्रणालीनं केळं कालवून आणलं. जुईनं तोंड उघडलं नाही. ती रडली नाही, आरडाओरडा केला नाही, नुसती ओठ मिटून बसली. मी समजावलं. प्रणालीनं समजावलं. डॉक्टरबाईंनी तिला सांगितलं की थांबायचं असेल तर थांबता येईल, कोणी रागावणार नाही, फक्त मग पूर्वीसारखंच राहावं लागेल, डबा घेऊन. जुई म्हणाली, राहीन.

मला तेव्हा कळलं की ही खरंच राहील. आयुष्यभर डबा घेऊन लोकांच्या दारात उभी राहील आणि तक्रार करणार नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं.

मग ती म्हणाली, "आधी तुम्ही खा."

डॉक्टरबाईंनी मानेनं हो म्हटलं आणि प्रणालीनं डब्यातून एक भाजलेला दाणा काढून माझ्या हातावर ठेवला. आठ वर्षांत मी शेंगदाणा खाल्लेला नव्हता. घरात नाही, दुकानात नाही, लग्नाच्या पंगतीत नाही, की उगाच ओठाला लागून घरी जाईल. मी तो सालासकट तोंडात टाकला आणि चावला.

जुई माझ्याकडे बघत होती. "कसा लागतो?"

तिला माहीत नव्हतं. महिनोन् महिने ती तो केळ्यात कालवून गिळत होती, औषधासारखा, नाक दाबून. तो कसा लागतो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही तिला सांगत आलो होतो की शेंगदाणा वाईट असतो, कडू असतो, घाण वास येतो, आम्हाला नाहीतरी आवडत नाही.

"चांगला लागतो," मी म्हटलं. "फार चांगला लागतो, जुई."

मग तिनं विचारलं, खिचडीत कसा लागतो. मी सांगितलं. कोशिंबिरीत. सांगितलं. चटणी लसूण घालून कुटतात ती भाकरीबरोबर कशी लागते, पावसात गरम उकडलेल्या शेंगा कशा लागतात, गुळाबरोबर कसा लागतो, तेही सांगितलं. प्रणाली ताटली धरून उभी होती. डॉक्टरबाईंनी मधेच मला चूळ भरून, साबणानं हात धुऊन यायला पाठवलं, आणि मी परत येईपर्यंत जुईनं चमचा स्वतः उचलला होता.

नाक न दाबता खाल्लं तिनं. सावकाश, जिभेवर धरून. केळ्याचाच स्वाद जास्त येतो, अशी तक्रार केली. मग आम्ही दोन तास तिथे बसलो.